राउटरचे उघडे पोर्ट : दूरस्थ संगणकवापराचा एक दुर्लक्षित इतिहास

विंडोज एक्सपीबरोबर २००१ साली 'रिमोट डेस्कटॉप'ची सोय आली आणि घरी बसून कार्यालयातील संगणक चालविणे सामान्य संस्थांच्या आवाक्यात आले. तंत्रज्ञ नागपूर-अमरावतीहून बोलवावा लागत असेल, तर यवतमाळमधील महाविद्यालयाला या सोयीचा मोह पडणे स्वाभाविकच होय. त्याकरिता राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडले जाते. परंतु हे दार माणूस ओळखत नाही. प्राध्यापकासाठी उघडलेले पोर्ट इंटरनेटची अहोरात्र चाचपणी करणाऱ्या प्रणालींनाही तितकेच उघडे असते. क्रमांक बदलूनही फारसे साधत नाही. ६५,५३५ क्रमांक तपासणे संगणकाला जड नसते.

एकदा शिरकाव झाल्यावर काय घडते, हे २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या'ने दाखविले. त्याचा उगम युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. उघड्या पोर्टचा तो प्रकार नव्हे. तथापि मर्स्क समूहाच्या अंतर्गत जाळ्यातून तो पसरला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. महाविद्यालयात अशा जाळ्यावर परीक्षा, शिष्यवृत्ती व वेतनाच्या नोंदी असतात.

कठीण पासवर्ड पुरेसा असतो, हा समजही फार टिकला नाही. १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेला, 'ब्लूकीप' नावाने ओळखला जाणारा दोष जुन्या विंडोजमध्ये पासवर्डविनाच प्रवेश देणारा होता. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली व घरून काम करणे अपरिहार्य झाले. व्हीपीएनलाही बहुधा एक पोर्ट उघडावे लागतेच. मात्र तेथे ओळख पटल्याखेरीज आतील संगणकापर्यंत पोहोचता येत नाही.