मैफल, तबकडी आणि तीस सेकंद

आपल्या संगीताचा इतिहास लिहिणारे घराण्यांविषयी पुष्कळ लिहितात. गाणे ज्या वाटेने श्रोत्यापर्यंत येते तिच्याविषयी मात्र फारसे लिहीत नाहीत. वस्तुतः गाण्याचे माप आणि श्रोत्याची सवय ही दोन्ही त्या वाटेने अनेकदा ठरविली आहेत. हा विचार माझ्या मनात आला तो नाचणगावी. गेल्या पावसाळ्यात मी घरी गेलो असता शेजारचा, पुलगावास कॉलेजात जाणारा एक मुलगा ओट्यावर बसून मोबाईलवर भीमसेन जोशींचा दरबारी ऐकत होता. मला फार आनंद झाला. पण त्याने रागाचा आरंभ टाळून एकदम मध्येच बोट ठेवलेले पाहून मी कारण विचारले. तो म्हणाला, “काकाजी, आधीचं फार संथ आहे. ताना लागतात तेथूनच मी ऐकतो.”

1902 साली गैसबर्ग नावाचा गृहस्थ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकडीत सुमारे तीनच मिनिटे मावत. तेवढ्यात राग मांडून गौहरजान शेवटी आपले नाव इंग्रजीतून सांगे. याचे कारण असे सांगतात की, तबकड्या जर्मनीत हानोव्हर येथे छापल्या जात आणि गाणे कोणाचे हे तेथील कारागिरांस कळणे अवश्य होते. पुष्कळ थोरांना हे माप मानवले नाही. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ 1946 पर्यंत हयात होते, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही.

तथापि तीन मिनिटांची थट्टा करणाऱ्यांनी गदगची एक हकीकत ध्यानात घ्यावी. तेथे एका दुकानात अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी वाजत असे. ती एका शाळकरी मुलाच्या कानी पडली आणि असे गाणे शिकविणारा गुरू शोधावयास तो 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, रामपूर अशी वणवण करून तो अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी कुंदगोळास पोहोचला. तो मुलगा म्हणजेच भीमसेन जोशी. तबकडीत गाणे अपुरे होते. उरलेले कोठे मिळेल हे शोधणे त्याला भाग पडले.

पुढे रेडिओ आला. नागपूरचे केंद्र 1948 साली सुरू झाले, 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. माझ्या लहानपणी नाचणगावी शनिवारच्या रात्री तो लागे तेव्हा वडील अंगणात खुर्ची टाकून बसत आणि आम्हांस गप्प बसावे लागे. गाणे आवडो न आवडो, आरंभापासून ऐकावे लागे. पुढे सरकविण्याची सोयच नव्हती. कॅसेटचे दिवस त्यानंतरचे. त्यात बाजू उलटताना राग तुटे, एवढेच त्यांविषयी पुरे.

आता स्ट्रीमिंगने वेळ आणि अंतर या दोन्ही अडचणी दूर केल्या आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी ध्वनिमुद्रणावरील हक्क संपतो, म्हणून जुन्या तबकड्याही संग्राहकांच्या कपाटांतून बाहेर येत आहेत. ज्यासाठी पूर्वी पुण्यामुंबईस जावे लागे ते नाचणगावच्या ओट्यावर मिळते, हे लहान काम नव्हे. सवाई गंधर्व महोत्सव 2020 व 2021 या साथीच्या वर्षांत भरू शकला नाही, तेव्हा अनेक गायकांनी घरून पडद्यासमोर गाऊनच श्रोत्यांशी संबंध राखला.

पण या नव्या दुकानाची तागडी पाहण्यासारखी आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण गणले जाते. सिनेमातील तीन मिनिटांचे गीत आणि पन्नास मिनिटांचा विलंबित ख्याल यांची गणती सारखीच. 2024 पासून तर वर्षात हजार श्रवणे न झालेल्या ध्वनिमुद्रणास तेथे मोबदलाच नाही. म्हणजे तबकडीचे माप गेले, असे आपण म्हणत असता ते हिशेबाच्या वहीतून परत आले. ज्या तरुण गायकाचे पोट यावर अवलंबून, तो आलापीला किती वेळ देईल? मला याची काळजी वाटते, आणि तिला केवळ म्हातारपणाची कुरकुर समजू नये. गदगच्या मुलाला तीन मिनिटे मिळाली आणि तो सबंध गाणे शोधीत गेला. आमच्या मुलाला सबंध गाणे मिळाले आहे आणि तो त्यातली तीन मिनिटे शोधीत आहे.

मी त्याला म्हटले, “आज माझ्यासाठी पहिल्यापासून लाव.” त्याने लावले. अकराव्या मिनिटाला गांधारावर आंदोलन चालू असता एक सिमेंटची जाहिरात मध्येच आली. त्याने ती सवयीने दूर सारली, आणि आम्ही शेवटपर्यंत ऐकले. मध्ये एकदा त्याची मान आपोआप समेवर हलली. संपल्यावर त्याने विचारले, “काकाजी, तबल्यावर कोण आहेत?” गायकाच्या नावाखाली दुसरे नाव नव्हते. मी पुन्हा थोडे ऐकून पाहिले, पण मलाही ओळखता आले नाही.