प्लास्टिकचा रस्ता म्हणजे नेमकं काय?

नाव प्लास्टिकचा, पण रस्ता डांबरीच. डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के टाकाऊ प्लास्टिक त्यात जातं, इतकंच. ही पद्धत मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हॉट मिक्स प्लांटमध्ये साधारण १६० अंशांना तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकतात. ते वितळून खडीवर पातळ थर बसतो, मग डांबर. पावसाळ्यात पाणी डांबर आणि खडीच्या मध्ये शिरतं, खडी सुटते, खड्डा पडतो. हा थर त्या पाण्यालाच अडवतो. दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग चालतात. पीव्हीसी मात्र अजिबात नाही, तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो.

२०१५ मध्ये केंद्राने ५ लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपासून ५० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांच्या नूतनीकरणात हे प्लास्टिक वापरायला सांगितलं. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या २.८५ लाख, छत्रपती संभाजीनगर ५० किलोमीटरहून लांब. म्हणजे अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी या अटीत बसत नाही. कुणी स्वतःहून करायचं म्हटलं तरी आधी गावात कोरडं, धुतलेलं, वेगळं केलेलं प्लास्टिक जमायला हवं. माती लागलेलं खडीला नीट धरत नाही.