संत्रे : कीर्ती आणि कसोटी

श्रोतेहो, मोठ्या शहरांतील दुकानांत अलीकडे गोजी नावाचे एक लहान, तांबडे, सुकवलेले फळ दिसू लागले आहे. ते वांगी-मिरचीच्या कुळातले असून चीनमधील निंगशिया भागात त्याची मोठी लागवड होते. दृष्टी, बळ, दीर्घायुष्य अशी नाना वरदाने त्याच्या नावावर जमा झाली आहेत. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत, ज्यांचे संसार संत्र्यावर उभे राहिले त्यांना ही कथा अनोळखी वाटू नये. त्यांच्या फळाच्या कुळाचे मूळही चीनकडेच सापडते आणि त्याच्याही गुणांची ख्याती जुनी आहे. म्हणून नव्या फळाचे मोल करण्यापूर्वी आपल्या जुन्या फळाचा इतिहास पाहणे उपयोगाचे होईल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात फळांच्या वर्णनात नागरंगाचा उल्लेख येतो. हे नारिंगाच्या जातीचे फळ मधुर, किंचित आंबट, हृद्य, अन्नाला रुची आणणारे व वातशामक आहे, असे सांगून ग्रंथकार थांबत नाही. ते पचावयास जड आहे, हेही तो तेथेच नोंदवतो. गुणाच्या शेजारी दोष लिहिण्याची ही रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नागपूरकडे संत्रे आले ते अठराव्या शतकात. रघूजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे आणवून नागपुरात लावली, अशी परंपरा आहे. देवगडचे गोंड राज्य त्या शतकातच भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि सातपुड्याखालचा हा मुलूख नागपूरशी बांधला गेला. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. सरहद्दी अशा हलल्या, तरी घरातली मराठी आणि शिवारातले नागपुरी संत्रे जागेवरच राहिले. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर असल्याने उत्तरेच्या बाजारपेठांची वाटही सुगम झाली.

परंतु रोप आणले म्हणजे बाग होत नाही. संत्र्याला मध्यम खोलीची, खाली मुरूम असलेली, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. चिकण मातीत मुळाशी पाणी साचले की खोडातून डिंक झरू लागतो. या रोगाला शेतकरी डिंक्या म्हणतात. यासाठी जंबेरीच्या खुंटावर बांधलेला डोळा जमिनीपासून वीतभर उंच ठेवतात व खोडाला बोर्डो मलम लावतात. बहाराचे शास्त्र याहून नाजूक आहे. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा आणि जानेवारीत पाणी सोडावे, म्हणजे आंबिया बहार फुटतो. त्याची फळे दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात. ताण मे महिन्यात दिला तर पावसाच्या आरंभी मृग बहार येतो व फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात. ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला, किंवा उन्हाळ्यात विहीर आटली, की वर्षाचा हिशेब चुकतो. शिवाय लावणीनंतर बागेचे उत्पन्न सुरू होण्यासच सुमारे पाच वर्षे थांबावे लागते.

आता औषधी गुणांकडे वळू. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील वैद्याने स्कर्व्हीने आजारी असलेले बारा खलाशी निवडले आणि दोघादोघांना निरनिराळे उपचार दिले. ज्या दोघांना नारिंगे व लिंबू मिळाले, ते सर्वांत लवकर सुधारले. यामागचे क जीवनसत्त्व विसाव्या शतकात हाती आले. पुढे 1970 साली लायनस पॉलिंग या थोर रसायनशास्त्रज्ञाने त्याच जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते, असा पक्ष मांडला. नंतरच्या चाचण्यांत तो सामान्य माणसापुरता टिकला नाही. रोज घेणाऱ्याची सर्दी टळत नाही, तिचा मुक्काम तेवढा थोडा कमी होतो. संत्र्यात क जीवनसत्त्व आहे हे खरे, पण आपल्या साध्या पेरूत ते कितीतरी अधिक आहे.

गोजीलाही हीच कसोटी लावावी. त्यात डोळ्यांना उपयोगी मानले जाणारे झिअॅक्झँथिन हे रंगद्रव्य भरपूर असते. मात्र माणसांवर झालेले प्रयोग बहुतेक लहान व अल्पकाळाचे आहेत. त्यांतून दीर्घायुष्याचे आश्वासन निघत नाही. उलट रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी या फळापासून जपावे, असा इशारा वैद्यकाने दिला आहे. लागवडीचे म्हणाल, तर लाल गोजीच्या दोन प्रमुख जाती आणि काळ्या फळांची तिसरी, या कोरड्या हवेच्या, थंड हिवाळ्याच्या प्रदेशांत रुजलेल्या आहेत. चार महिने पाऊस झेलणारी आपली काळी माती त्यांच्या मायदेशासारखी नाही. हौसेने बांधावर दोन झुडपे लावून पाहावीत; त्यांच्या भरवशावर उभी बाग उपटू नये.

श्रोतेहो, ज्या फळामागे पाच वर्षांची कमाई गुंतवायची, त्याची पारख जाहिरातीवरून करणे शेतकऱ्याला परवडणारे नाही. गुण सांगणाऱ्याला त्याने दोषही विचारावा, आणि शेवटचा कौल आपल्या विहिरीला व आपल्या मातीला मागावा.