रंगूनकडे वळवलेलं सैन्य ऑस्ट्रेलियाने परत का मागवलं? चर्चिल-कर्टिन वादाची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया एकाच बाजूने लढत होते. तरीही फेब्रुवारी १९४२ मध्ये या दोन देशांच्या पंतप्रधानांमध्ये तारांवरून असं भांडण पेटलं की, शेवटी भर समुद्रात जहाजांची दिशा बदलावी लागली.

१५ फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलियाचे जवळपास १५ हजार सैनिक कैद झाले. चारच दिवसांनी डार्विन बंदरावर बॉम्ब पडले. किमान २३५ जण मारले गेले. ऑस्ट्रेलियाच्या अनुभवी फौजेचा मोठा भाग तोवर ब्रिटनसाठी मध्यपूर्वेत लढत होता. त्यातली सातवी डिव्हिजन तेव्हा हिंदी महासागरात होती.

पंतप्रधान जॉन कर्टिन यांना ती घरी हवी होती. लष्करप्रमुख व्हर्नन स्टर्डी यांचा सल्लाही तोच होता. विन्स्टन चर्चिल यांना मात्र ती रंगूनला हवी होती. ब्रह्मदेश गेला, तर चीनला रसद पोहोचवणारा रस्ता तुटणार आणि जपान भारताच्या दारात येणार, हे त्यांचं गणित. ते चुकीचं नव्हतंच. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीही कर्टिन यांना गळ घातली, बदल्यात अमेरिकी सैन्य देऊ केलं. लंडनमधले ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी अर्ल पेज हेसुद्धा चर्चिल यांच्या बाजूने झुकलेले होते. कर्टिन यांनी तरीही नकार दिला.

खरी ठिणगी पडली ती यानंतर. कर्टिन होकार देतील असं गृहीत धरून चर्चिल यांनी ताफा आधीच उत्तरेला, रंगूनच्या दिशेने वळवला होता. ते त्यांनी कळवलं २२ फेब्रुवारीला! आमचं सैन्य आम्हाला न विचारता कसं वळवलं, असा कर्टिन यांचा सवाल होता. ताफ्याला पुरेसं संरक्षण नव्हतं आणि समुद्रात जपानी पाणबुड्यांची भीती होती. त्या काळात कर्टिन यांना झोप लागत नसे, रात्री ते निवासस्थानाच्या आवारात फेऱ्या मारत.

अखेर चर्चिल नमले. पण उत्तरेला गेल्यामुळे इंधन पुरेना, म्हणून जहाजांना आधी कोलंबो गाठावं लागलं. मार्चमध्ये सैनिक ऑस्ट्रेलियात पोहोचले.

रंगूनचं काय झालं? २३ फेब्रुवारीला सितांग नदीवरचा पूल ब्रिटिशांनीच उडवला, तेव्हा सतराव्या भारतीय डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या काठावर अडकलेला होता. ८ मार्चला रंगून पडलं. सातवी डिव्हिजन तिथे उतरली असती तर तीही बहुधा त्याच माघारीत सापडली असती. ऑगस्टपासून याच डिव्हिजनच्या तुकड्या न्यू गिनीतल्या कोकोडा वाटेवर जपान्यांशी लढल्या.