प्रशिक्षित शिकारी पक्षी : पाळीव की बंदिस्त ?

बाज, बहिरी, शिक्रा इत्यादी शिकारी पक्षी शिकविल्यानंतर माणसाच्या हातावर बसतात, त्याच्या हातचे मांस खातात आणि त्याच्यासाठी शिकार करतात. तरीही गाय, घोडा किंवा कबुतर यांच्याप्रमाणे त्यांना पाळीव म्हणता येईल काय, की ते केवळ बंदिवान होत ? हा प्रश्न आधुनिक वाटला, तरी इस्लामी विधिशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, त्याच्या मुळाशी असलेला विचार आठ शतकांपूर्वीच झालेला आढळतो.

कुरआन शरीफमधील सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकविलेल्या जनावरांनी पकडलेली शिकार वैध ठरविली आहे. तेव्हा 'शिकविलेले' कोणास म्हणावे, हे ठरविणे फकीहांना भाग होते. बुर्हानुद्दीन मर्गीनानी (मृत्यू ११९७) यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात याची दोन लक्षणे दिली आहेत. कुत्र्याने तीन वेळा पकडलेली शिकार स्वतः न खाल्ल्यास तो शिकलेला समजावा. बाज मात्र हाकेसरशी परत आला की पुरे. यामागील कारणमीमांसा मार्मिक आहे. कुत्रा माणसाळलेला, पण हिसकावून खाणे हा त्याचा स्वभाव. बाजाचा स्वभाव माणसापासून पळण्याचा. ज्याने त्याने आपला स्वभाव सोडणे, हीच शिक्षणाची खूण. शिवाय बाजाचे शरीर मार सोसू शकत नाही, हेही तेथे नमूद आहे. म्हणजेच बाज मुळात रानचा, हे फकीहांनी गृहीत धरले होते.

हे शिक्षण मुख्यतः आहारावर अवलंबून असते. पोट भरलेला पक्षी हाकेला येत नाही आणि फार उपाशी ठेवलेला उडू शकत नाही. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त बाजास ७ दाम, बहिरीस ५ दाम व शिक्र्यास २ दाम वजनाचे मांस आणि संध्याकाळी ठरावीक चिमण्या, असा शाही शिकारखान्याचा हिशेब दिला आहे. दामाचे वजन सुमारे २१ ग्रॅम धरल्यास बाजाच्या वाट्याला जवळपास १४५ ग्रॅम मांस येई. ही कला केवळ मुस्लिम दरबारांपुरती नव्हती. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या नावावरील 'श्यैनिक शास्त्र' हा संस्कृत ग्रंथ याच विषयाला वाहिलेला आहे.

या बडदास्तीला दुसरी बाजूही होती. इराणच्या शाह अब्बासने जहांगीरला पाठविलेला एक दुर्मिळ शुंकार मीरशिकाराच्या हलगर्जीपणामुळे मांजराच्या तावडीत सापडला आणि दरबारी पोहोचल्यावर आठवडाभरही जगला नाही. १६१९ च्या सुमाराची ही घटना जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नोंदविली असून उस्ताद मन्सूरकडून त्या पक्ष्याचे चित्र काढून घेतले. आकाशात ज्याला क्वचितच शत्रू असतो, तो पक्षी माणसाच्या ताब्यात येताच मांजराला बळी पडला.

शास्त्रीय अर्थाने पाळीव प्राणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या निवडीने घडलेली जात. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ प्रत्येक नवा पक्षी रानातूनच पकडला जाई, आणि पहिला धडा पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागे. म्हणूनच भारतातील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दृष्टीने हातावर बसलेला बहिरी हाही वन्यजीवच होय. त्याला पकडणे किंवा परवानगीवाचून बाळगणे हा गुन्हा आहे. दुसरीकडे, युनेस्कोने २०१० मध्ये ११ देशांच्या या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. २०२१ पर्यंत देशांची संख्या २४ झाली. त्यांत भारत नाही.

ही भूमिकांची विसंगती वरवरची आहे. फिकहचा प्रश्न होता, या पक्ष्याने आणलेले अन्न खावे काय ? युनेस्कोचा प्रश्न आहे, माणसाचे हे कसब टिकवावे काय ? कायद्याचा प्रश्न आहे, पक्षी आला कोठून ? तिन्ही प्रश्न एकाच शब्दात कोंबले की 'पाळीव' व 'बंदिस्त' असा निष्फळ वाद उरतो. 'हिदाया'तील 'शिकलेला' हा शब्द अधिक नेमका आहे. तो पक्ष्याला घरचा म्हणत नाही. परत येण्याला प्रेमही म्हणत नाही. मात्र परत येणारा पक्षी स्वतंत्र आहे, असा निष्कर्षही त्यातून काढता येत नाही. कारण ते परतणे मोजून दिलेल्या मांसाने घडविलेले असते.