दिनविशेष : १० मार्च १८९७
पुण्यात प्लेगची साथ चालू असताना सावित्रीबाई फुले यांचे प्लेगनेच निधन झाले. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या आणि त्यांना लागण झाली. त्यागाची कथा म्हणून हा प्रसंग सर्वांना पाठ आहे. शहराच्या वैद्यकाच्या इतिहासात मात्र तो क्वचितच मांडला जातो. त्याच महिन्यात ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या आरंभल्या. उपाय दोन्हीकडे जवळजवळ एकच, रोग्याला वस्तीबाहेर हलवणे; खात्रीचे औषध कोणाकडेच नव्हते. तरी सैनिकांच्या धास्तीने लोक रोगी लपवू लागले आणि २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. मळ्यातल्या एका दवाखान्याने लाखाहून अधिक वस्तीच्या शहरातली साथ आटोक्यात आली नसती, हा आक्षेप रास्तच. पण रोगी आपणहून पुढे आला नाही, तर मोठी यंत्रणाही आंधळीच. आज पुण्यात रुग्णालयांची वानवा नाही. पण रोगी आपणहून पुढे यावा, म्हणून साथ आली की महापालिकेने दारात आधी वस्तीतली ओळखीची आशा सेविका धाडावी, पोलीस नव्हे.