साडेदहाची तुलसी

३ जुलै २०००, सोमवार. स्टार प्लसवर रात्री नऊला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि त्याच रात्री साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. सगळे श्रेय देतात बच्चनला, पण मला विचाराल तर अर्धी गंमत वेळापत्रकात होती. साडेदहा म्हणजे झोपायची वेळ, कोण बघणार? आमच्या विरारला येऊन बघा ना! चर्चगेटपासून ६० किलोमीटर. आई साडेसहाला ऑफिसातून सुटायची. गाडी, कुकर, जेवणं उरकेपर्यंत दहा वाजायचेच. आठची मालिका तिच्या नशिबी कुठली? ऑक्टोबरात दहाला 'कहानी घर घर की' आली. 'क्योंकि' पुढे कित्येक वर्षं टीआरपीत पहिली. आमच्याकडे भांडी मात्र तेव्हापासून सकाळी घासली जायला लागली.